बगळा काढून टाका

आधी हातातला कप खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा! मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या साडूच्या नाकातून चहा आला आणि नव्या सोफ्यावरचा डाग अजून गेलेला नाही.

बाकीचे लोक फजिती करून घेतात ती नकळत. मी माझी फजिती आधी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली, नीट ऐकून खात्री करून घेतली, आणि मग हैदराबादला पाठवली. मला विचाराल तर इतकी व्यवस्थित फजिती अख्ख्या भिलाईत कुणाची झाली नसेल.

मी ठवकर. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण वडील इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. मीही प्लांटमध्येच होतो, रुळांच्या मिलमध्ये, इन्स्पेक्शनला. काम काय? थंड झालेला रूळ समोर आला की त्याच्या कडेकडेनं चालायचं, वाकून बघायचं, आणि कुठे भेग किंवा ओरखडा दिसला की खडूनं फुली मारायची. आणि रूळ चांगला निघाला तर? तर काही नाही, पुढे जाऊ द्यायचा. चांगल्या रुळाची पाठ कोण थोपटतं हो?

आता सगळी नोकरी अशी काढल्यावर रिटायर झालेला माणूस घरी बसून फुलं ओवणार आहे का? स्मृति नगरात घर बांधलं तेव्हा प्रत्येक वीट मी हातात घेऊन वाजवली. लग्नाला गेलो की आधी मांडवाचा खांब ठोकून बघतो, मग वधूवरांना भेटतो. सुलभा, म्हणजे आमची मंडळी, सगळ्यांना सांगत फिरते, "हे मले पाहायले आले होते ना, तवा पहिले आमची खिडकी वाजवून पाह्यली, मंग माह्याकडे पाह्यलं." हे साफ खोटं आहे. खिडकी नव्हती, दार होतं.

तर आमची मुलगी मिनू. लहानपणापासून विज्ञानाच्या वहीत बेडकाला टोपी घालणारी. मी म्हटलं इंजिनियर हो, ती म्हणाली कार्टून शिकते. म्हणजे ॲनिमेशन. मी विचारलं, "त्याच्यात इन्स्पेक्शन कोन करते?" ती म्हणाली, "कोई नहीं करता, बाबा." तेव्हाच मला काळजी वाटायला लागली.

पण पोरगी शिकली, हैदराबादला एका कंपनीत लागली, आणि तिचा पहिला सिनेमा तयार व्हायला आला. लहान मुलांना घेऊन घरच्यांनी बघायचा असतो ना, तसला. जंगलातलं गाव, त्यात सगळे प्राणी. मी फोनवर विचारलं, "तुले काय काम देलं त्यात?"

"गर्दी."

"गर्दी म्हंजे?"

"बाबा, हीरो-बिरो बडे लोग बनाते हैं. मी मागची गर्दी करते. बाजार आहे, जत्रा आहे, त्याच्यात मागं लोक पाहिजे ना? ते माझे."

मी हुडको कॉलनीतल्या चहाच्या टपरीवर आमच्या रिटायर्ड मंडळींना सांगितलं की आमची मिनू सिनेमा काढून राहिली आहे. गर्दीचा उल्लेख केला नाही. सगळंच कशाला सांगायचं?

मग एक दिवस तिचा फोन आला, अगदी खुशीत. "बाबा, एक मज्जा सांगू? आमी लोक ना, पिक्चरमध्ये गोष्टी लपवतो."

"कोनापासून?"

"लपवतो म्हंजे... मागं कुठंतरी ठेवून देतो. आमच्या कँटीनवाल्या अक्का आहे ना, त्यांचा चेहरा भाजीवाल्या मेंढीले देला. एका बैलगाडीच्या मागं नंबर आहे, तो आमच्या टीममधल्या मुलीच्या घराचा. अस्वलाच्या घरात भिंतीवर जो फोटो आहे, तो डायरेक्टर सरांच्या कुत्र्याचा."

"कावून?"

"कावून म्हंजे? असंच! जिसको पता है, उसको पता है. तो पाह्यते अन् हसते."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे पिक्चर पाह्यतात ना, बाबा!"

मला हे काही पटलं नाही. मालात परकी वस्तू राहणं म्हणजे आमच्याकडे सरळ रिजेक्ट. पण मग ती आवाज जरा हळू करून म्हणाली, "मी पन एक लपवली आहे. तुमच्यासाठी. लिंक पाठवते. शोधा बरं."

आणि वर आणखी एक काम सांगितलं. टीममधल्या प्रत्येकानं घरच्या एका माणसाला सिनेमा दाखवायचा होता, आणि त्या माणसानं आपलं मत बोलून थेट डायरेक्टर साहेबांना पाठवायचं होतं. "बाबा, खरं खरं बोलजा. सरांले खरं बोललेलं आवडते."

खरं खरं बोल! आणि हे कुणाला सांगत होती? मला!

सुलभा तेव्हा गोंदियाला भाचीच्या बाळाच्या बारशाला गेली होती. दुपारी मी पडदे ओढले, मोबाईल टीव्हीला जोडला आणि खुर्ची पुढे ओढून बसलो.

गोष्ट अशी की अस्वलाच्या पिल्लाची आजी नदीच्या पलीकडे राहते, आणि मधला पूल पुरात वाहून जातो. जत्रेच्या आत पूल बांधून आजीला अलीकडे आणायचं आहे. गावाचा मुखिया एक हत्ती. काय सांगू तुम्हाला त्या हत्तीचं! पांढऱ्या मिशा, भव्य कपाळ, डुलत डुलत चाल. तो बोलायला लागला की सगळं जंगल चूप. तो म्हणतो, "नियम म्हणजे नियम!" आणि वाघसुद्धा मान खाली घालतो.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

अहो, मीच की तो! तीच जरब, तोच शब्दाला मान. आमच्या घरीही मी बोलायला लागलो की सगळे गप्प होतात. ते का होतात हा विषय वेगळा. पण पोरीनं बापाला हत्ती केलं, मुखिया केलं! मी आयुष्यात तिला कधी शाब्बास म्हटलं नाही, आणि तिनं मला गावाच्या डोक्यावर बसवलं. डोळ्यांत पाणी आलं हो. खोटं कशाला सांगू?

पण म्हणून काय ड्युटी सोडायची? डोळे पुसले आणि खोट शोधायला बसलो. आणि खोट सापडली. बगळा!

प्रत्येक गर्दीत एक बगळा होता. काडीसारखे पाय, मान पुढे काढलेली, चोचीवर चष्मा, आणि भर उन्हात अंगात अर्ध्या बाह्यांचा जुना स्वेटर. बाजार असला की हा टरबुजं ठोकतो आहे. जत्रा असली की पाळण्याचा खांब वाजवून त्याला कान लावतो आहे. हलवायानं मोठी कढई मांडली, तर हा जाऊन कढई वाजवतो आणि नाराजीनं मान हलवतो. पूल वाहून जातो, सगळं गाव रडतं, आणि हा मागे एका पायावर उभा राहून तुटलेला बांबू तपासतो! असा रिकामटेकडा, दुसऱ्याच्या कामात चोच खुपसणारा प्राणी मी जन्मात पाहिला नव्हता. मला त्याचा इतका संताप आला की दोन-तीनदा मी टीव्हीसमोर "अरे हट ना बाजूले!" असं ओरडलो.

लगेच मोबाईल घेतला आणि डायरेक्टर साहेबांना बोलून पाठवलं. हिंदीत. माझी हिंदी तशी पक्की आहे.

"सर, नमस्कार. मैं मिनू का पिताजी बोल रहा हूँ, भिलाई से. पिक्चर बढ़िया है. हाथी तो लाजवाब है, ऐसा कैरेक्टर भगवान सबको दे. लेकिन सर, माल में एक डिफेक्ट है. वो बगुला. उसको काम क्या है? किसी ने बुलाया नहीं, किसी ने पूछा नहीं, जहाँ देखो वहाँ जाके ठोकता है. ऐसा आदमी घर में हो, तो घरवाले सहन कैसे करते होंगे? पूरी पिक्चर का मजा खराब करता है. निकाल दीजिए, सर."

ऐकून पाहिलं. आवाज खणखणीत आला होता. पाठवलं.

संध्याकाळी हुडकोत टपरीवर गेलो तर पाय जमिनीवर ठरत नव्हते. कुंभलकर, मिलमधला माझा जुना जोडीदार, तिथे बसलेला. मी म्हटलं, "कुंभलकर, आपन सिनेमात आहो."

"कोन्त्या रोलात गा?"

"हत्ती."

कुंभलकरनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. मला तुम्ही पाहताच आहात. वारा सुटला की सुलभा मला गच्चीवर जाऊ देत नाही. तो म्हणाला, "हत्ती? तू?"

"देहाचं नाई गा! स्वभावाचं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा माझ्याकडून झाला, आणि सिनेमा लागला की सगळ्यांनी मिळून हत्ती बघायला जायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मिनूचा फोन. "बाबा, सापडलं?"

"पाह्यल्याबरोबर सापडलं! बाप आहो तुझा, नजर आहे ही. हत्ती!"

पलीकडून काही आवाजच येईना. मला वाटलं रेंज गेली. "हॅलो? मिनू?"

"हाव," ती म्हणाली. "हत्ती."

"रडवलं वो तू मले!"

"अच्छा?" मग म्हणाली, "बाबा, सरांनी तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं. मीटिंगमध्ये सगळ्यांले ऐकवलं. म्हने पॉइंट बरोबर आहे, त्या बगळ्याले काहीच काम नाई. काढून राहिले."

"पाह्यलं? मोठा मानूस असाच असते, ऐकून घेते. काढला तर एकदम साफ होईन पिक्चर!"

"हाव, बाबा. ठीक है. रखती हूँ."

आता तुमच्यासारखा शहाणा माणूस इथेच थांबून विचार करेल, की पोरीचा आवाज असा का झाला? मी काय केलं? मी त्या आनंदात शेजारच्या साहूंकडे जाऊन सांगून आलो की हैदराबादची कंपनी माझ्या सल्ल्यानं चालते.

तिसऱ्या दिवशी सुलभा गोंदियाहून आली. मी म्हटलं, बस, तुला पोरीचा सिनेमा दाखवतो. ती मांडीवर मटाराच्या शेंगांचं सूप घेऊन सोलत बसली. हत्ती आला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. ती आपली शेंगा सोलते आहे.

"काय वो, हत्ती पाह्यला का?"

"पाह्यला. लय बोलते थो."

"मानूस कसा वाटला?"

"आमच्या गोंदियाच्या मामासारखा. नुसता रुबाब, काम कवडीचं नाई."

 तेवढ्यात बाजार आला, टरबुजांचा ढीग आला आणि बगळा आला. सुलभाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिच्या पोटातून असं हसू फुटलं की सूप उलटलं आणि मटार कपाटाखाली गेले.

"अहो! अहो, हे पाहा! हे तर तुमी!"

"कुठं?"

"हा काय, समोर! बगळा! स्वेटर पाहा त्याचा! माह्या हातचा आहे. गळ्यापाशी टाका सुटला होता, थो बी दाखवला पोट्टीनं!"

"काहीतरीच बोलतं! मी असा ठोकत फिरतो का? अन् एका पायावर कोन उभं राह्यते असं?"

 सुलभा फक्त माझ्या पायांकडे बघत राहिली. मग मीही खाली बघितलं. मी टीव्हीजवळ उभा होतो. डावा पाय जमिनीवर होता. उजवा त्याच्या गुडघ्यावर होता.

खाली बसलो. सिनेमा चालूच होता. बगळा आता पाळण्याचा खांब ठोकत होता, आणि मला एकेक दिसायला लागलं. तो कान लावताना डोळे मिटतो, मीही मिटतो. नाराज झाला की जीभ टाळ्याला लावून 'च्यक' करतो. ती 'च्यक' माझी होती हो, माझी स्वतःची! कुठून पाहून ठेवलं होतं हे पोरीनं?

"मंग?" सुलभा डोळे पुसत म्हणाली. "खुश झाली असन ना, तुमी ओळखलं म्हून?"

मी तिला सगळं सांगितलं. हत्तीचं, रेकॉर्डिंगचं, काढून राहिले तेही सांगितलं. सांगता सांगता तिचं हसू हळूहळू मावळत गेलं.

"अहो, पोरगी गर्दी करते तिथं," ती म्हणाली. "त्या सगळ्या पिक्चरमध्ये तिचं सवताचं काय आहे? एक थो बगळा. अन् थो तुमी काढाले लावला?"

"पण मले कसं कळन? अन् प्रत्येक गर्दीत कावून टाकलं तिनं मले?"

"एकटी राह्यते तिथं. रोज गर्दीच बनवते. वाटलं असन, की या गर्दीत आपला बाप बी कुठं उभा असावा."

 आयुष्यभर मी रुळांवर फुल्या मारल्या, पण पोरीनं जे एवढ्या मायेनं केलं त्याच्यावरही मीच फुली मारली. तीही खणखणीत आवाजात!

मिनूला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. तिचा मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे, आज संध्याकाळी सिनेमाची फायनल कॉपी जाणार आहे, नंतर बोलते. संध्याकाळी फायनल म्हणजे बगळा गेला! मी सरळ डायरेक्टर साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक दाढीवाला पोरगेला माणूस आला.

"अरे, अंकल! आप तो हमारे बेस्ट ऑडियन्स हैं! बोलिए."

"सर, वो बगुला रहने दीजिए."

"क्यों? आपने ही तो बोला था."

"मैंने ऐसा नहीं बोला था, सर. मतलब, उस अर्थ से नहीं बोला था."

साहेब हसले. म्हणाले, एक मिनिट, आणि त्यांनी माझंच रेकॉर्डिंग लावलं. माझाच आवाज मला ऐकू यायला लागला. 'ऐसा आदमी घर में हो, तो घरवाले सहन कैसे करते होंगे?' शेजारी मोबाईल धरून उभी असलेली सुलभा म्हणाली, "हाव, हे मातर तुमी बरोबर बोलले."

"अंकल, आपका लॉजिक सही है," साहेब म्हणाले. "हर कैरेक्टर का कोई काम होना चाहिए. बगुले का क्या काम है?"

आणि मग माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. "सर, आखिर में पुल बनता है. उस पर पूरा गाँव चलता है, बूढ़ी दादी चलती है. पुल पास किसने किया?"

"पास मतलब?"

"मतलब चेक किसने किया? हाथी ने? हाथी तो खाली भाषण करता है! बंदरों ने बाँधा, हाथी ने फीता काटा, और दादी को चढ़ा दिया? ऐसे आदमी मरते हैं, सर! पूरे जंगल में ठोक के देखनेवाला एक ही है. काम का आदमी वही है!"

साहेबांनी दाढी खाजवली. "अंकल, परसों तक वो बेकार था. दो दिन में क्या हो गया?"

मी सुलभाकडे बघितलं. तिनं मान हलवली, की सांगा आता.

"सर," मी म्हटलं, "वो बगुला मैं हूँ."

"क्या?"

"मैं हूँ. मेरी बेटी ने बनाया. मैंने पहचाना नहीं."

साहेबांचा चेहरा पडद्यावरून गेला आणि आवाज आला, "अरे, सब इधर आओ, जल्दी!" मग पडद्यात एकावर एक डोकी दिसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अंकल, सच में? दिखाइए ना!"

आता काय दाखवू? पण पोरीच्या बगळ्याचा प्रश्न होता. खोलीत उजेड कमी म्हणून बाल्कनीत गेलो. सुलभानं मोबाईल धरला. मी पायजमा सावरला, उजवा पाय उचलून डाव्या गुडघ्यावर ठेवला, मान पुढे काढली, रेलिंग बोटांनी ठोकली, डोळे मिटून कान लावला. आणि खरं सांगतो, रेलिंगचा एक जोड सैल निघाला! मी मनापासून 'च्यक' केलं.

मोबाईलमधून नुसता हलकल्लोळ उठला. "सेम टू सेम! सर, चोंच छोड़ के सब सेम टू सेम!"

शेजारच्या गच्चीवर साहू भाभी वड्या वाळत घालत होत्या. त्या हात थांबवून मला बघायला लागल्या. "का होगे भइया? गोड़ पिरावत हे का?"

पाय दुखत नाही हे मी त्यांना कसं सांगू? एका पायावर उभा राहून हात हलवला, तर तोल जायला लागला. तेवढ्यात त्या गोंगाटातून एक आवाज आला.

"बाबा, पाय खाली ठेवा. पडसान."

मिनू होती. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. नाक लाल झालेलं.

"मिनू," मी म्हटलं, "मले दिसलाच नाई वो तो. मी सगळा वेळ हत्तीच शोधत होतो."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि इकडे सुलभानं मोबाईल धरल्या धरल्या नाक पुसलं. माझं विचाराल, तर मी रेलिंगचा तो सैल जोड तपासत होतो. कुठेतरी बघायला नको का?

शेवटी साहेब म्हणाले की बगळा राहणार. एवढंच नाही, पुलावर आजीनं पाय ठेवायच्या आधी तो येऊन एकदा ठोकून बघणार. फायनल उद्यावर गेलं. माझ्यामुळे लोकांनी रात्रभर काम केलं, त्याची मला अजून लाज वाटते.

मग सिनेमा लागला. मिनू रजा काढून आली. आम्ही सगळे इथल्या हॉलला गेलो. हुडकोची अख्खी टपरी बायकामुलांसकट आली, मरोद्याहून सुलभाची बहीण आली. आणि इथे मला आठवलं की एक गोष्ट राहून गेली. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, की मी हत्ती नाही!

हत्ती पडद्यावर आला आणि मागच्या रांगेतून शिट्या सुरू झाल्या. "ठवकर भाऊ! अरे वा, ठवकर भाऊ!" कुंभलकर तर उभा राहून टाळ्या वाजवतो आहे. हत्ती म्हणाला, "नियम म्हणजे नियम!" पुन्हा शिट्या. मी खुर्चीत इतका खाली सरकलो की पुढच्या बाईंनी वळून विचारलं, "चक्कर आ रहा है क्या?"

मग बाजार आला. टरबुजं आली. एका कोपऱ्यात, क्षणभर, बगळा आला, ठोकून गेला.

मागची रांग एकदम शांत. आणि त्या शांततेत कुंभलकरच्या बायकोचा आवाज आला. तिला बिचारीला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"माय वो! हे तर ठवकर भाऊजी!"

बस! रांगच्या रांग कोसळली. कुंभलकरला ठसका लागला. "हत्ती म्हने! हत्ती!" असं म्हणत तो पुढच्या खुर्चीवर डोकं आपटत होता. अख्ख्या जगात मला ओळखायला ज्याला वेळ लागला असा एकच माणूस होता, आणि तो मी. पुढे तर गंमतच झाली. हॉलमधली बाकीची पोरं, ज्यांना ना ठवकर माहीत ना रूळ, तीही आमचं बघून बगळा शोधायला लागली. "वो रहा! झूले के पीछे! वो रहा!" करून ओरडायला लागली.

मग पूल बांधून झाला. हत्तीनं भाषण केलं. आजी पाय उचलते, तेवढ्यात बगळा पुढे आला. त्यानं पुलाचा बांबू ठोकला, डोळे मिटून कान लावला. सगळा हॉल चूप. आणि बगळ्यानं हळूच होकारार्थी मान हलवली. एवढंच. आजी पुलावर चढली.

मी शेजारी बघितलं. मिनू पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

दिवे लागले. सगळे उठून आमच्याभोवती जमा झाले. मिनू म्हणाली, "कसा वाटला, बाबा?"

अहो, लहानपणी बेडकाला टोपी घातलेलं चित्र आणून दाखवायची, तेव्हाही हेच विचारायची. आणि मी म्हणायचो, पाय एक लहान एक मोठा झाला. आता सगळे थांबले होते. मी म्हणालो, "चांगला आहे. लय चांगला केला, बेटा."

तिनं माझा दंड घट्ट धरला. सुलभानं पदर डोळ्यांना लावला.  मी इथे थांबायला हवं होतं की नाही? तुम्हीच सांगा! कुठलाही शहाणा माणूस थांबला असता.

मी म्हणालो, "फक्त एकच डिफेक्ट राहिला. त्या बगळ्याचा चष्मा. सगळ्या पिक्चरभर डावीकडं कललेला आहे. तेवढा कसा नाई पाह्यला तुमी लोकांनी?"

  सुलभानं फक्त हात पुढे केला, आणि दोन बोटांनी माझ्या नाकावरचा चष्मा सरळ केला.